ओल्या पायाच्या ठशावरून शूज घ्यायचे? नका हो

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल, पळणाऱ्यांच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. पाय ओला करा, कागदावर उभे राहा, ठसा भरीव आला तर तळवा सपाट म्हणजे तुम्ही ओव्हरप्रोनेट करता (पाय टेकल्यावर जास्तच आत कलतो) म्हणजे स्टॅबिलिटी शूज (आतल्या बाजूला कडक फोमचा आधार असलेले) घ्या, ठसा मधे बारीक आला तर कुशनवाले घ्या, जुन्या शूजची टाच बघून खात्री करा, ट्रेडमिलवर व्हिडिओ काढून घ्या, आणि चुकीचे घेतलेत तर गुडघे कामातून गेले म्हणून समजा. खाली हात जोडलेले इमोजी. मीही चारेक वर्षं हाच सल्ला वाटत फिरत होतो, तेव्हा हे थोडं प्रायश्चित्त समजा.

आधी तो ठसा. परवा बाथरूमबाहेर जुना पेपर पसरून करून बघितलं. दोन्ही पायांवर आरामात उभा राहिलो तर मधली पट्टी दोन बोटं रुंद, त्याच पायावर एकट्याने तोल सांभाळत उभा राहिलो तर जवळजवळ भरीव, आणि खुर्चीत बसून नुसता टेकवला तर पट्टी गायबच! एकच पाय, दहा मिनिटांत तीन 'प्रकार'. बरं हे सगळं उभं राहून किंवा बसून. पळताना एकेका पायावर वजनाच्या दोन-अडीचपट भार येतो आणि तोही पाव सेकंदाच्या आसपास, तेव्हा कमान किती दबते ते पेपरला काय कळणार.

दुसरं म्हणजे प्रोनेशन हा दोष आहे हे गृहीतच धरलंय. पाय टेकल्यावर घोट्याखालचा भाग आत कलतो त्याला प्रोनेशन म्हणतात, ते सगळ्यांचं होतं आणि व्हायलाच पाहिजे, धक्का जिरवायची ती पायाची सोय आहे. कोणाचा जास्त कलतो कोणाचा कमी, नाकं वेगवेगळी असतात तसं. डेन्मार्कमधे ९२७ नवख्या लोकांना, पाय कसाही असो, एकाच मॉडेलचे साधे न्यूट्रल शूज (असा आधार नसलेले) देऊन वर्षभर पळू दिलं, २०१४ मधे ते छापून आलं. मेसेजप्रमाणे आत कलणाऱ्यांचे हाल व्हायला हवे होते ना? झाले नाहीत. दर १००० किलोमीटरमागे हिशोब केला तर त्यांना न्यूट्रल, म्हणजे फारसा न कलणाऱ्या, पायवाल्यांपेक्षा दुखापती कमीच निघाल्या. अगदी टोकाचे कलणारे पाय त्यात मोजकेच होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी छातीठोक बोलणार नाही.

आणि अमेरिकन सैन्याने तर हा मेसेजच जवळपास जसाच्या तसा तपासलाय. आर्मी, एअर फोर्स, मरीन कोअर, तिन्हीकडे नव्या भरतीतल्या एका गटाला तळव्याच्या आकाराप्रमाणे शूज दिले आणि दुसऱ्या गटाला तळवा कसाही असो, सरसकट स्टॅबिलिटी शूज. ट्रेनिंग संपल्यावर दुखापतींमधे फरक म्हणावा असा नाही. तळवे बघायचे कष्ट फुकट.

टाच बाहेरच्या कडेला झिजलीय, म्हणून अमुक तमुक? अहो टाचेवर उतरणारे बहुतेक लोक बाहेरच्या कडेवरच उतरतात आणि मग आत कलतात, झीज तिथेच होणार. पुढे.

व्हिडिओचं मात्र मला जरा जास्त लागलंय. एका दुकानात मला अनवाणी अर्धा मिनिट ट्रेडमिलवर पळवलं, मागून कॅमेरा, स्क्रीनवर घोट्यावर लाल रेघ, "सर बघा किती अँगल आहे". चार माणसं बघतायत, पट्टा अनोळखी, तिथे मी जसा पळालो तसा एरवी जन्मात पळत नाही. आणि किती अँगलनंतर धोका सुरू होतो याचा सगळ्यांनी मान्य केलेला आकडाच नाहीये. घेतले मी ते स्टॅबिलिटीवाले. आतल्या बाजूचा कडक फोम कमानीत असा टोचायचा की तिसऱ्या किलोमीटरला थांबून लेस सैल करायची, मग टाच सुटायची, मग फोड. आता झाडांना पाणी घालताना वापरतो.

उलट बाजूही सांगायला हवी. लक्झेंबर्गमधे ३७२ जणांवर सहा महिने प्रयोग झाला, २०१६ चा, त्यात मोशन कंट्रोल शूजवाल्यांना (स्टॅबिलिटीसारखेच, पाय आत कलणं आवरणारे) साध्या शूजवाल्यांपेक्षा दुखापती कमी झाल्या आणि तो फायदा मुख्यतः आत कलणाऱ्या पायांनाच झाला. म्हणजे तुमचे स्टॅबिलिटी शूज तुम्हाला मानवत असतील तर हे वाचून फेकून देऊ नका. आणि एकाच पायाची कमान अलीकडे बसल्यासारखी वाटत असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर शूज राहू दे, डॉक्टरकडे जा.

राहिला गुडघ्यांचा धाक. बऱ्याच जणांचं दुखणं सुरू होतं ते एकदम किलोमीटर किंवा वेग वाढवल्यावर, पण त्याला मेसेजमधे एक ओळही नाही.

मग घ्यायचे कसे? कॅलगरीचे बेनो निग, आयुष्यभर हाच विषय केलेला माणूस, त्यांचं म्हणणं की पायाला जो आरामदायी वाटतो तो घ्या. ऐकायला फारच साधं वाटतं, मलाही वाटलं होतं. संध्याकाळी जा, पाय थोडे फुगलेले असतात, पळताना घालता तेच मोजे घाला, उभं राहून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा बघा. मग डाव्यात एक मॉडेल, उजव्यात दुसरं घालून जरा पळा, आणि अदलाबदल करून परत पळा. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे. ज्या शूजकडे दोन्ही वेळा लक्षच गेलं नाही तो पॅक करायला सांगा.