वर वायर आहे म्हणून कुठलंही इंजिन धावत नाही

"युरोपात विजेवरची धडधाकट प्रवासी इंजिनं भंगारात काढतात. ओव्हरहेड वायर आहे तिथे ती उद्यापासून धावतील. नवी इंजिनं खपावीत म्हणून कंपन्यांनीच हा डाव रचलाय. प्रवासी गाडी ओढणारं इंजिन मालगाडीही आरामात ओढेल. गरीब देशांना फुकट देऊन टाका." अशा अर्थाचा मजकूर सगळीकडे फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला, आणि तो खरा धरून इंजिन वाचवण्याच्या नावाने कुणी वर्गणी मागतंय त्यांना पैसे द्यायलाही निघाला. आता गप्प बसणं शक्य नाही.

त्या वायरमध्ये कोणती वीज आहे, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा तरी पाहिलं का? ब्रिटन, हंगेरी, बल्गेरियात मुख्यतः २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडनमध्ये १५ हजार व्होल्ट, १६.७ हर्ट्झ. पोलंडमध्ये ३ हजार व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, नेदरलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी दीड हजार डीसी. फक्त २५ हजारांसाठी बांधलेलं इंजिन जर्मन वायरखाली नेलं, तर ते नुसतं हळू चालेल असं नाही. व्होल्टेज कमी झालं तरी फ्रीक्वेन्सी, म्हणजे तो हर्ट्झचा आकडा, एक तृतीयांशावर येते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा चुंबकीय ताण पावणेदोन पटीवर जातो, गाभा तो पेलू शकत नाही आणि करंट बेसुमार वाढतो. डीसीवर तर ट्रान्सफॉर्मर चालतच नाही. मग ट्रान्सफॉर्मर बदला, त्याच्या पुढचंही बरंच बदला. राहतो तो सांगाडा. स्पेन, रशिया, भारत इथे मुख्य मार्गांवर रुळांची रुंदीच वेगळी, तो खर्च आणखी निराळा.

जुन्या इंजिनांना परदेशात नवा मालक मिळतो, एवढं मात्र मान्य करावं लागेल. ब्रिटनने मँचेस्टर-शेफील्ड मार्गासाठी बांधलेली सात ईएम-२ इंजिनं १९६९ मध्ये नेदरलँड्सच्या रेल्वेने विकत घेतली आणि १९८६ पर्यंत प्रवासी गाड्यांना वापरली. पण का जमलं? त्या ब्रिटिश मार्गावरही तेव्हा नेदरलँड्ससारखीच दीड हजार व्होल्ट डीसी, दोन्हीकडे रुळांची रुंदी एकच. शिवाय ब्रिटिश इंजिनांचा बांधा आटोपशीर, त्यामुळे तिकडच्या पुलांखालून जायला अडचण नाही. उलट दिशेने हा सौदा अवघडच होता. ब्रिटनची क्लास ८७ इंजिनं बल्गेरियात मालगाड्या ओढू लागली, तीही वीज आणि रूळ जुळले म्हणूनच.

कंपन्यांचा डाव वगैरे काही नाही. नव्या ट्रेनसेटमध्ये, म्हणजे कायम जोडलेल्या डब्यांच्या गाडीत, मोटर गाडीतच असते, वेगळं इंजिन लागत नाही, म्हणून जुनी रिकामी झाली.

मालगाडीचं म्हणणं अर्धं बरोबर. ब्रिटनमधल्या फ्रेटलायनर या मालवाहू कंपनीने २०२० मध्ये ग्रेटर अँग्लिया या प्रवासी रेल्वे कंपनीकडची १३ क्लास ९० इंजिनं घेतली. पण निव्वळ वेगासाठी गिअर ठरवलेलं इंजिन अवजड गाडी सुरू करताना कमी पडतं. आणि २०२१ मध्ये वीज महागली तेव्हा याच फ्रेटलायनरने विजेची इंजिनं काही काळ उभी करून डिझेलची लावली.

राहिलं फुकट देण्याचं. इंजिन फुकट मिळालं तरी सुटे भाग कोण देणार? त्या मालिकेचं उत्पादन कधीच थांबलेलं असतं. नेदरलँड्सने सात ईएम-२ घेतली, पण रुळावर सहाच उतरवली. सातवं सुट्या भागांसाठी खोललं.