अंदमानला जाताय? आधी समुद्राचं टाइमटेबल बघा, हॉटेल नंतर

आमच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात सध्या घरोघरी अंदमानचा विषय चाललाय. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ना कोणी पॅकेजचा फोटो टाकतं आणि खाली एवढंच विचारतं, "रेट बरोबर आहे का?" रेट बहुतेक वेळा ठीकच असतो हो, पण त्या कागदावर कुठल्या दिवशी कुठे आणि किती वाजता हे जे लिहिलेलं असतं ते कोणी नीट वाचत नाही, आणि माझं ठाम मत आहे की बेटावरची ट्रिप जमते किंवा फसते ती तिथेच.

पहिलं म्हणजे सूर्य. घड्याळ आपलंच, पण अंदमान ठाण्याच्या जवळजवळ २० रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सगळंच आपल्या तासभर आधी होतं. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मे महिन्यात पहाटे पाचला उजाडलेलं असतं. आता कागदावर लिहिलंय "संध्याकाळी राधानगर बीच", आपण इथल्या सवयीने साडेचारला चहा घेऊन निवांत निघतो आणि पोचेपर्यंत खेळ खलास. राधानगर हॅवलॉक बेटाच्या पश्चिम बाजूला आहे, सूर्यास्तासाठीच लोक तिथे जातात, टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं, मग तिथे दुपारी तीनलाच पोचा ना, पाण्यात मनसोक्त खेळा आणि नंतर वाळूत बसून राहा. ज्यांना सूर्योदय बघायचाय त्यांनी कालापत्थर, तो पूर्वेला. सकाळी लवकर बाहेर, दुपारी झोप, तीनला परत बाहेर, असा दिवस लावलात तर लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघंही खूश राहतात.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, भरती-ओहोटी. आपण कोकणातली माणसं, तिथी बघून भरतीची वेळ काढणारे (तिथी गुणिले तीन भागिले चार, गावाला अजून करतात), आणि लाखभर रुपये घालून समुद्रावर जाताना हीच गोष्ट विसरतो! ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, तिथे तसंच लावू नका, पोर्ट ब्लेअरचं (विमान उतरतं ते मुख्य शहर) भरतीचं टेबल नेटवर मिळतं ते बघा. नील बेटावर लक्ष्मणपूरला तो दगडी नैसर्गिक पूल आहे, तिथे ओहोटीलाच जाता येतं. पाणी मागे गेलं की खडकांमधे छोटी छोटी डबकी राहतात आणि त्यात मासे, खेकडे, समुद्रकाकड्या, कधी ताऱ्यासारखा स्टारफिश, वाकून बघत बसलात तर तास कसा जातो कळत नाही. खडक धारदार आणि शेवाळलेले असतात, त्यामुळे मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, साधी चप्पल नको, आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका प्लीज. ह्याच बेटावरच्या भरतपूर बीचचं बरोबर उलटं, ओहोटीला पाणी लांब जातं आणि उघडे खडक दिसतात, डुंबायला भरती हवी. म्हणजे एकाच दिवसात दोन्ही करायचं तर क्रम टेबल बघूनच ठरवायला पाहिजे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे जातं, पूल बघायला ते दिवस बेस्ट.

मग फेरी, म्हणजे बेटाबेटांमधली बोट. विमानाचं तिकीट काढलं की हॉटेलच्या आधी फेरी बुक करा, सीझनमध्ये सोयीच्या वेळा पटापट भरतात. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा म्हणजे ठेवाच. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, त्यात कोणाची चूक नसते, पण सकाळी हॅवलॉकहून फेरी आणि दुपारी मुंबईचं विमान असा प्लॅन कोणी देत असेल तर तो बदलून घ्या. बुकिंग करताना नवीन नावं दिसतील, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालंय, गोंधळू नका. बोट लागते त्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

सीझनबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह सगळ्यांना होतो पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे परतीचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस असतात. मे महिन्यात नैर्ऋत्य मान्सून केरळच्याही आधी अंदमानात पोचतो, त्यामुळे परीक्षा संपल्या की एप्रिलमध्येच निघा, ऊन कडक असतं पण समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. जानेवारी ते मार्च सर्वात छान, शाळा नसलेल्यांनी तेव्हाच जावं.

स्कुबा करणार असाल तर तो ट्रिपच्या मधल्या दिवशी टाका, शेवटच्या नाही. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि लगेच विमानात बसलं तर त्रास होऊ शकतो, एका साध्या डाइव्हनंतरही किमान १२ तास थांबायला सांगतात, मी तर म्हणेन पूर्ण दिवस सोडा. पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टरबरोबर जाता येतं. पण दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, साधी सर्दीसुद्धा, फॉर्मवर खरं लिहा.

बाराटांग बेटाची सहल पाच दिवसांच्या ट्रिपमधून मी सरळ काढून टाकेन. मध्यरात्रीनंतर उठून निघायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, आणि गाडीतली माणसं काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करतात ते मला फार लागतं. ती माणसं आहेत, त्यांचं घर आहे ते. फोटो काढणं तर गुन्हाच आहे. त्यापेक्षा तो दिवस सेल्युलर जेलला द्या, १९०६ साली पूर्ण झालेली ती इमारत, सातपैकी तीनच विंग आता उरल्यात, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे तर आजोबांचे गुडघे बघून वेळ ठेवा, घाईघाईत तासाभरात उरकायची जागा नाही ती. लाइट अँड साउंड शोचं तिकीट आधी काढा.

आणि बॅग भरताना, रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, लहान बेटांवर एटीएम मोजकी. तिकिटं, आधार, हॉटेलचा पत्ता सगळं प्रिंट करून ठेवा, नेटच्या भरवशावर राहू नका. येताना प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा बॅगेत नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते बेकायदेशीर आहे आणि एअरपोर्टवर सामान तपासतात. मुलं खिशात काय काय भरतात माहितीये ना, निघायच्या आदल्या रात्री खिसे तपासा. मगरींचे बोर्ड लावलेत तिथे पाण्यात उतरू नका, लाइफगार्ड नाही म्हणाला तर नाही. कोणाचं पॅकेज हातात असेल तर कमेंटमध्ये तारखा आणि दिवसांचा क्रम टाका, भरतीचं टेबल लावून बघते आणि सांगते.