बरा होता

सिनेमा बघण्याचा मला काही त्रास नाही. त्रास सुरू होतो तो दिवे लागल्यावर. पडद्यावर अजून नावं सरकत असतात, मी अंधारात निसटलेली चप्पल पायाने चाचपत असतो, आणि शेजारून प्रश्न येतोच. "बाबा, कसा वाटला?"

"बरा होता."

"बरा म्हणजे?"

आता बरा म्हणजे बरा! आमच्या वेळी सिनेमे तीन प्रकारचे असत: मस्त, बरा आणि भंकस. तेवढ्यात सगळ्या गल्लीचं भागायचं. पण कन्या मास मीडिया शिकते, तिला 'बरा' चालत नाही. मेहुणा तर पाचपैकी साडेतीन तारे देतो. उरलेला दीड तारा त्याने कशाचा कापला, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. विचारलं तर तो सांगेल.

याच मेहुण्याच्या आग्रहाखातर २०२३ साली 'ओपेनहायमर' बघितला. तीन तास सुटाबुटातली माणसं खोलीत बसून एकमेकांना काय काय विचारतायत, मधेच सगळं कृष्णधवल होतंय, पुन्हा रंगीत. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच चालते, फक्त तिथे शेवटी सामोसा मिळतो. मग एकदाचा तो चाचणीचा बॉम्ब फुटला. पडदाभर आगीचा लोळ आणि आवाज शून्य! मी पडलो सिंगल स्क्रीनच्या जमान्यातला. "ए, आवाऽऽज!" अशी आरोळी पार घशाशी आली होती. मेहुण्याने मनगट दाबलं आणि कुजबुजला, "भावजी, प्रकाश आधी येतो, आवाज नंतर." तो नंतर आला तो असा, की बायकोच्या हातातलं कोल्ड्रिंक थेट माझ्या मांडीवर. पुढची सगळी चौकशी, साक्षी, उलटतपासणी मी ओल्या पँटीत बघितली. बाहेर आल्यावर मत विचारलं गेलं. मी म्हटलं, एसी फार होता.

'मुंज्या' मला मनापासून आवडला, पण त्याचं कारण सांगण्यासारखं नाही. कोकणातला पिंपळ, त्यावरचं ते कार्टं, आणि त्याची मागणी काय तर लग्न लावून द्या. आमच्या आत्याचा मुलगा अडतीस वर्षांचा आहे. त्याचीही मागणी हीच आणि तोही हल्ली तसाच किंचाळतो. मला भीती वाटली नाही, दया आली. 'जारण'ला मात्र चांगलीच टरकली. करणी, बाहुली आणि अमृता सुभाषचे ते डोळे! आठवडाभर न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून झोपलो आणि विजेच्या बिलाचा विषय निघाल्यावर गप्प बसलो.

'छावा'च्या वेळी कोणी काही विचारलंच नाही. शेवट मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असतो, तरीही त्या शेवटच्या भागात सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. आणि माझ्या तोंडात कॅरॅमल पॉपकॉर्नचा एक दाणा. चावावा तर कुर्रकन आवाज होणार, गिळावा तर ठसका लागणार. पडद्यावर महाराजांचे हाल चाललेत आणि आपण पॉपकॉर्न खातोय, याची एवढी लाज वाटली की तो दाणा मी जिभेवर ठेवून विरघळवला. पाचेक मिनिटं लागली असतील. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. बायकोने मला डोळे पुसताना पाहिलं. दाण्याचं मी आजतागायत सांगितलेलं नाही.

'दशावतार'ने वेगळाच अपमान केला. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडलेली. दशावतारी कलावंत होऊन हा गृहस्थ रानावनात फिरतोय, एकामागून एक रूपं घेतोय. इकडे मी चोपन्न वर्षांचा. मध्यंतराला रिक्लायनर सरळ करायचं बटण सापडेना, म्हणून कासव उलटं पडावं तसा पडलेला. शेवटी मुलीने हाताला धरून उठवलं. "काय काम केलंय ना बाबा त्यांनी!" मी म्हटलं, "हो, आणि मला आधी उठव."

मग 'सैयारा'. कन्येला मैत्रिणी मिळेनात, म्हणून बाप. तरणीताठी नायिका, तिला अल्झायमर होतो, ती सगळं विसरायला लागते आणि थिएटरभर हुंदके. पुढच्या रांगेतला एक पोरगा तर असा रडत होता की मी माझा रुमाल पुढे केला. त्याने घेतला. परत दिला नाही. खेळ सुटल्यावर आम्ही खाली आलो आणि गाडी कुठे लावली ते मला आठवेना. बी-टू, बी-थ्री, पुन्हा बी-टू. पंचवीस मिनिटं मी किल्लीचं बटण दाबत, कान देऊन हिंडत होतो. ती विसरली तर शेकडो माणसं रडली. मी विसरलो तर माझं सख्खं लेकरू म्हणतं, "काय हो बाबा, फोटो काढून ठेवायचा ना खांबाचा!"

२०२५च्या डिसेंबरात 'धुरंधर'. साडेतीन तासांचा. माझ्या वयाच्या माणसाने अशा सिनेमाला जाताना कथा नाही, मध्यंतर कधी आहे ते विचारावं. दोनदा बाहेर जाऊन आलो, दरवेळी पंधरा जोडी गुडघ्यांवरून. परत येऊन बघावं तर कोण कोणाच्या बाजूचा, याचा पत्ताच नाही. एवढं करून शेवटी कळलं, पुढचा भाग मार्चमध्ये!

दिवे लागले. या खेपेला मी आधीच ठरवून गेलो होतो. चप्पल सापडायच्या आत दोघींकडे वळून मीच विचारलं, "हं, कसा वाटला?"

बायकोने पर्स खांद्याला लावली.

"ते राहू द्या. गाडी कुठेय?"