‘जमीन थोडीच जळते?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या घरविम्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. लेख एजंटची जाहिरात वाटतो, असं तुम्ही म्हणता. तुमचं घर १९९४चं, अडीच हजार चौरस फुटांचं, बाजारभावानं साडेसात लाख डॉलरचं. त्यातली अडीच लाखांची जमीन, ‘जमीन थोडीच जळते?’, म्हणून पाच लाखांचा विमा पुरे. अख्खं घर जळण्याची शक्यता नगण्य, तेव्हा जादा कव्हरचे पैसे शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात टाकावेत, असा तुमचा हिशेब.

एजंटकडून मला छदामही मिळत नाही, तो विषय इथेच सोडू. हिशेब मात्र बघायला हवा, कारण आपल्यातले बरेच जण तो असाच मांडतात.

बाजारभावातून जमीन वजा केली की बांधकामाचा खर्च उरतो, हेच मला पटत नाही. तुमच्या वसाहतीतली घरं बिल्डरनं एका नकाशावर, घाऊक भावाच्या लाकडात, तेच सुतार ओळीनं पुढे नेत बांधली. आता एकट्यासाठी तेच घर उभं करायचं तर आधी मलबा उचला, बहुधा पायाही नवा घाला, आणि कंत्राटदार मिळेल त्या दराला मिळवा. चौरस फुटाला ३०० डॉलर धरले तरी नुसतं बांधकामच साडेसात लाखांवर जातं.

हा दर मी हवेतून काढलेला नाही. ३० डिसेंबर २०२१ला मार्शल आगीत लुईव्हिल, सुपीरियर आणि आसपासची हजाराहून अधिक घरं जळाली. जंगलातली नव्हेत, तुमच्या-माझ्यासारखी उपनगरातली, कॉस्टकोच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावरची. राज्याच्या विमा विभागानं नंतर पॉलिसी तपासल्या तेव्हा चौरस फुटाला २५० ते ३५० डॉलर असेच दर धरले होते, आणि ३५०च्या दरानं निम्म्याहून जास्त घरांचा विमा अपुरा ठरत होता. पूर्ण खर्चाची हमी देणारं ‘गॅरंटीड रिप्लेसमेंट कॉस्ट’ कव्हर होतं ते जेमतेम ८ टक्क्यांकडे. हजार घरमालक एकाच वेळी तेच सुतार आणि तेच प्लंबर शोधू लागले की दर वर जाणारच. दरवर्षी रक्कम थोडी वाढवणारं ‘इन्फ्लेशन गार्ड’ अशा उसळीपुढे अपुरं पडतं. त्यासाठी ‘एक्स्टेंडेड रिप्लेसमेंट कॉस्ट’ असतं, म्हणजे मूळ रकमेवर २५ किंवा ५० टक्के जादा. पण मूळ रक्कम कंपनीच्या अंदाजाइतकी ठेवलेली असेल तरच ते सहसा मिळतं. आपणच ती खाली ओढली तर नाही.

दुसरी फट नियमांची. लुईव्हिलनं आगीच्या थोडंच आधी ऊर्जाबचतीचे कडक बांधकाम नियम स्वीकारले होते. खर्च परवडेना म्हणून जळितग्रस्तांनी ओरड केली, तेव्हा शहरानं त्यांना जुन्या नियमांची मोकळीक दिली. प्रत्येक शहर देईलच असं नाही. १९९४च्या घराला आजचे नियम लावण्याचा वाढीव खर्च ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ कव्हरमधून निघतो. नेहमीच्या पॉलिसीत ते बहुधा घराच्या विमा रकमेच्या १० टक्केच असतं. कोलोरॅडोनं २०२३मध्ये कायदा करून कंपन्यांना ते किमान २० टक्के आणि एक्स्टेंडेड किमान ५० टक्के देऊ करायला भाग पाडलं. देऊ करायला, हं! घ्यायचं की नाही हे तुमच्यावर.

आता तुमचा शक्यतेचा मुद्दा. अख्खं घर क्वचित जळतं, खरं आहे. पण अनेक पॉलिसींत ८० टक्क्यांची अट असते: विमा बांधकामाच्या खर्चाच्या किमान तेवढा हवा, नाहीतर दावाही त्याच प्रमाणात कापतात. साडेसात लाखांच्या बांधकामाला किमान सहा लाखांचा विमा हवा. तुमचा पाचचा, म्हणजे पाच षष्ठांश. नुसतं स्वयंपाकघर जळून ६० हजारांचं नुकसान झालं तरी हाती ५० हजार (घसारा वजा करून जास्त निघत असतील तर तेवढे), त्यातून डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातला आपण सोसायचा वाटा, वजा. ही कात्री छोट्या दाव्यालाही लागते. फंड तोवर किती वाढला असेल, ते तुम्हीच बघा.

हप्ता वाचवायचाच तर डिडक्टिबल एक हजाराचं अडीच हजार करा आणि वाचलेल्या पैशात एक्स्टेंडेड घ्या. कोलोरॅडोत गारांचं डिडक्टिबल बरेचदा वेगळं आणि टक्क्यांत असतं, तेही तपासा. तळघरात होम थिएटर किंवा नवं बाथरूम केलं असेल तर कंपनीला कळवा, नाहीतर तिच्या लेखी ते नाहीच.

‘भारतात कोण घराचा विमा काढतो?’ असंही तुम्ही विचारलंत. फार थोडे. पण १ एप्रिल २०२१पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत रक्कम बाजारभावावर नाही, तर चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशीच काढतात. विमा कमी रकमेचा म्हणून दाव्याला वर सांगितलेली कात्रीही लावत नाहीत. पुण्यात आईवडिलांचा बंगला असेल तर जरूर बघा.

तुमच्या पॉलिसीचं पहिलं पान, नाव-पत्ता आणि पॉलिसी क्रमांक झाकून, मला मेल केलंत तर यातलं काय आधीच आहे ते बघून सांगेन.