डावीकडे लाल, उजवीकडे हिरवे
आमच्या संस्थेची वेबसाइट माझ्याकडे कशी आली, याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही. एका सभेत चहाच्या सुमारास कोणीतरी "तुम्हाला कॉम्प्युटरमधले कळते ना?" असे विचारले आणि मी नाही म्हणण्यापूर्वी चहा आला. तेव्हापासून मी वेबसाइट बघतो. 'बघतो' हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे, कारण तिच्यात बदल करण्याचे काम सगळी कार्यकारिणी करते. खाते एकच आणि पासवर्डही एकच असल्यामुळे कोणीही काहीही केले तरी करणाऱ्याचे नाव 'अ‍ॅडमिन' असेच उमटते, आणि सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे अ‍ॅडमिन म्हणजे मी.

परवा रविवारी रात्री सव्वानऊला अध्यक्षांचा फोन आला. "अहो, आपल्या परिचयाच्या पानाची कोणीतरी पार वाट लावली आहे. गणपतीच्या आधी होते तसे करून टाका." नेमके काय बिघडले हे विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता, आणि अध्यक्षांना उलट फोन करून खुलासा मागण्याचा आमच्याकडे प्रघात नाही.

आमची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रोग्रॅमवर आहे. पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय तिथे २००८ साली आलेल्या वर्डप्रेस २.६ पासून आहे, आणि संख्येला मुद्दाम मर्यादा घातली नाही तर त्या साठतच जातात. आमच्या परिचयाच्या पानाच्या ६३ आवृत्त्या निघाल्या. मजकूर दीड पानाचा. आमच्या खजिनदारांना एक स्वल्पविराम दिला की 'अपडेट' दाबण्याची सवय आहे, त्याचे हे फळ. वरची सरकपट्टी ओढत गेले की डावीकडे जुना मजकूर लाल पट्ट्यात आणि उजवीकडे नवा हिरव्या पट्ट्यात दिसतो. मी पट्टी गणपतीच्या आधीपर्यंत ओढली आणि चष्मा पुसून बसलो.

पहिलाच धक्का उपाध्यक्षांचा होता. पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव डावीकडे लाल होते, म्हणजे काढून टाकलेले. एवढी मोठी घडामोड सभेत कशी आली नाही, या विचाराने मी पाणी प्यायलो, आणि मग दोन ओळी वर उजवीकडे तेच नाव हिरवे दिसले. कोणीतरी त्यांना चिटणीसांच्या वर सरकवले होते, एवढेच. या तुलनेमागची युक्ती जुनी आहे. १९७४ साली युनिक्स या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर डग्लस मॅकिलरॉय यांचा 'डिफ' हा प्रोग्रॅम आला. दोन्ही बाजूंना त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका शोधायची आणि तीत न बसणारे सगळे बदल समजायचे, ही त्याची रीत. या हिशेबात 'सरकवणे' नावाची गोष्टच नसते. माणूस एका जागी जातो आणि दुसऱ्या जागी नव्याने जन्मतो. मानापमानावर चालणाऱ्या संस्थेसाठी ही पद्धत फारच निष्ठुर आहे.

खरी परीक्षा मात्र तिसऱ्या परिच्छेदात होती. डावीकडे 'दुसर्‍या' हा शब्द गडद लाल आणि उजवीकडे 'दुसऱ्या' हा शब्द गडद हिरवा. मी दोन्ही अक्षर अक्षर वाचले, मोठ्याने वाचले, पडदा दोनशे टक्के मोठा करून वाचले. बायकोला बोलावले. तिने दोन्हींकडे पाहून "झोपा आता" एवढेच सांगितले. पुढे 'वऱ्हाड' आणि 'कार्यकर्त्यांच्या खांद्यावरची सगळ्या प्रकारची जबाबदारी पेलणाऱ्या' यांतलेही ठरावीक शब्दच असे रंगलेले दिसले, तेव्हा उलगडा झाला. या शब्दांतला अर्धा 'र', म्हणजे रफाराचा हा चंद्रकोरी भाऊ, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन रीतींनी लिहिता येतो: एकदा 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन, आणि एकदा साधा 'र', हलन्त आणि त्यांना चिकटवणारा, स्वतः शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक घेऊन. डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राला दोन जाती. कार्यकारिणीतल्या दोघांचे कळफलक वेगवेगळे होते आणि दोघेही एकमेकांचे 'शुद्धलेखन सुधारत' होते. ६३ पैकी निदान १५ आवृत्त्या या न दिसणाऱ्या युद्धात खर्ची पडल्या होत्या.

साडेअकराला मी हार मानली आणि गणपतीच्या आधीची आवृत्ती सरळ परत आणली. गंमत अशी की जुने परत आणले की त्याचीच एक नवी आवृत्ती होते, म्हणून ती ६४वी. सकाळी सात वाजता खजिनदारांनी कार्यालयाच्या नव्या वेळा गायब झाल्याचे पाहून त्या पुन्हा टंकल्या. ६५वी.

आठ वाजता अध्यक्षांचा फोन आला. "अहो, तुम्ही काहीच केलेले दिसत नाही."

मी रात्रीचा सगळा वृत्तान्त सांगितला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मजकुराचे काय घेऊन बसलात? माझा फोटो बदलला आहे. आधी फेट्यातला होता."

त्या आवृत्त्यांत शीर्षक, मजकूर आणि सारांश राहतो. पानाच्या माथ्यावरचा फोटो त्यांच्या हिशेबात नसतो. तिकडे ना लाल, ना हिरवे. मी फोटोंचा संग्रह उघडला. अध्यक्षांचे अकरा फोटो होते आणि त्यांपैकी चारांत फेटा होता.

"त्यातला नेमका कोणता, साहेब?"

"जो आधी होता तो," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.