‘किसापमाता’बद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

‘किसापमाता’ या 1981 सालच्या फिलिपिनो चित्रपटाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ही जशीच्या तशी सत्यघटना आहे, ती फिलिपिन्सचा हुकूमशहा फर्डिनांड मार्कोसच्या राजवटीत घडली, म्हणून चित्रपट दाबला गेला, आणि शिकलेली, कमावती मुलगी घर सोडून गेली नाही, त्याअर्थी बाप तिच्याशी ठेवत असलेले लैंगिक संबंध तिलाही चालत होते. परवा माझ्या भाचीनेच तो मला पाठवला, वर ‘शेवटचं पटतंय’ असं लिहून. तेव्हा शेवटच्यापासूनच सुरुवात करते.

हे लिहिणाऱ्याने चित्रपट पूर्ण पाहिलेला नाही. ती मुलगी, मिला, आणि तिचा प्रियकर नोएल बँकेत एकत्र काम करतात, तिला दिवस गेलेत, लग्न करायचंय. बाप दादोंग निवृत्त पोलीस. तो सरळ नकार देत नाही. मुलाकडच्यांना झेपणार नाही एवढी रक्कम मागतो. ती मिळाल्यावर लग्न होतं, पण त्या रात्री आईच्या आजाराचं निमित्त पुढे येतं आणि नवरा खोलीबाहेर राहतो. रोज नवं कारण. ओरडा नाही, मारहाण नाही, ‘आमच्या घरात राहा’ एवढाच आग्रह. आई देलीला सगळं कळतं, तरी ती नवऱ्याच्याच शब्दाबाहेर जात नाही. अशा घरातून मुलीने तक्रार कुणाकडे करायची? पोलिसाची तक्रार पोलिसांकडे? आणि मुख्य म्हणजे, मिला आणि नोएल घर सोडतातच. ती त्या घरात परत पाऊल टाकतात तेव्हा बाप आधी विनवण्या करतो, मग बंदूक उचलतो. जीव जातो तो निघून जाण्याच्या निर्णयापायी. त्यालाच संमती म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. दादोंग आणि मिलामधलं ‘ते’ चित्रपट उघड दाखवतही नाही. तिचा चेहरा, तिची दुःस्वप्नं आणि आईचं गप्प राहणं यांतून ते आपल्याला कळतं.

‘जशीच्या तशी’ हेही चूक. चित्रपटाचा आधार आहे फिलिपिनो लेखक निक होआकिन यांचा वृत्तांत, ‘द हाउस ऑन सापोते स्ट्रीट’. ‘किहानो दे मनिला’ या टोपणनावाने त्यांनी तो लिहिला आणि पुढे तो ‘रिपोर्ताज ऑन क्राइम’ या त्यांच्या पुस्तकात आला. मूळ घटनेतली मुलगी आणि जावई दोघेही डॉक्टर होते; चित्रपटात बँकेतले कर्मचारी आहेत. नावं बदललेली आहेत. सांगाडा खरा आहे, तपशील पटकथेचे.

आता मार्कोस. मूळ घटनेतलं हत्याकांड जानेवारी 1961 मधलं. मार्कोस राष्ट्राध्यक्ष झाले 30 डिसेंबर 1965 रोजी. त्या जानेवारीत कार्लोस गार्सिया त्या पदावर होते. एवढी तारीख तपासली असती तरी मजकुराचा निम्मा भाग गळून पडला असता. दाबलं म्हणावं, तर 1981 च्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात हाच सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, माइक दे लिओन सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक आणि दादोंग साकारणारे विक सिलायान सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. पुढच्या वर्षी तो कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. 1972 पासूनचा लष्करी कायदा मार्कोसने 17 जानेवारी 1981 रोजी कागदावर उठवला, सत्ता स्वतःच्याच हातात ठेवली, आणि त्याच वर्षअखेरीस घरातल्या हुकूमशहाचा हा चित्रपट आला. प्रेक्षकांना त्या बापात सत्ताधीश दिसला, समीक्षक आजही तसंच वाचतात, आणि त्या वाचनात दम आहे. पण तो दम चित्रपट ज्या काळात बनला त्याचा. 1961 च्या गुन्ह्याचं खापर त्यामुळे मार्कोसवर फुटत नाही.

इटलीतल्या बोलोन्यात दुरुस्त झालेली प्रत 2020 पासून उपलब्ध आहे, ती पाहा. मजकूर पुढे पाठवला असेल, तर मिलाबद्दलचं ते वाक्य चुकीचं आहे एवढं त्याच ग्रुपवर लिहा.