आन्तेपचे ताट आणि आन्तेपचा इतिहास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आग्नेय तुर्कस्तानातल्या गाझिआन्तेपच्या (जुने नाव आन्तेप) तीन दिवसांच्या खाद्य आणि वारसा सफरीवरील माझ्या लेखाला आपण इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. पैसे मोजून वाटाड्यामागे फिरणे म्हणजे आयते चाखणे असून त्यातून शहर कळत नाही, असे आपण म्हटले आहे. झ्यूग्मा या जवळच्या प्राचीन शहराच्या संग्रहालयाला दोन परिच्छेद आणि बाकलावा या पिस्त्याच्या थरदार मिठाईला पाच परिच्छेद देणाऱ्या लेखात वारसा हे केवळ निमित्त उरते, असेही आपले म्हणणे आहे. शिवाय ज्या दगडी घरांचे मी इतके कौतुक केले, त्या घरांच्या अर्मेनियन मालकांविषयी लेखात एक ओळही नाही, याकडे आपण लक्ष वेधले आहे. हा शेवटचा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे आणि त्याविषयी पुढे लिहिते. आधीचे दोन मात्र मला पटत नाहीत, कारण त्यांत खाणे आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे गृहीत धरले आहे, आणि निदान आन्तेपमध्ये तरी मला त्या वेगळ्या काढता आल्या नाहीत.

तांब्याच्या भांड्यांच्या बाजाराचेच पाहू. बाकिर्जिलार चार्शिसी नावाच्या या जुन्या पेठेत मी एकटी गेले असते, तर हातोड्यांचा नाद ऐकला असता, दोन छायाचित्रे काढली असती आणि पुढे गेले असते. आमच्या वाटाड्या बाईंनी आम्हाला नक्षीदार सुरयांच्या दुकानात न नेता आधी कल्हईवाल्याकडे नेले. तुर्की भाषेत कथिलाला ‘कालाय’ म्हणतात आणि कल्हई करणाऱ्याला ‘कालायजी’. आपली ‘कल्हई’ आणि तो ‘कालाय’ एकाच अरबी मुळाचे शब्द आहेत, आणि त्या ‘जी’ प्रत्ययाचेच रूप आपल्याकडे ‘मशालची’, ‘खजानची’ या शब्दांत राहिले आहे. पण बाईंना सांगायचे होते ते शब्दांपलीकडचे होते. आन्तेपच्या स्वयंपाकात डाळिंबाचा आटवलेला रस, सुमाक या आंबट फळांची पूड, कच्च्या द्राक्षांचा रस, टोमॅटोचा वाळवलेला गर आणि दही यांचा सढळ वापर असतो. इतकी आंबट पाककृती उघड्या तांब्यात शिजवता येत नाही. म्हणून ज्या शहरात तांबट आहेत, तिथे कल्हईवाला असावाच लागतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे माझ्या आजीने मला लहानपणी सांगितले होते. पुण्याच्या तांबट आळीजवळ वाढलेल्या मला त्या दुकानात उभे राहून प्रथमच जाणवले की एखादी पेठ कशी टिकते याचे कारण तिच्या गिऱ्हाइकांच्या चुलीवर शोधावे लागते. फोनवरच्या नकाशात ही पेठ दिसते; ती तिथे का आहे, हे दिसत नाही.

पाण्याचेही तसेच. चुनखडीच्या खडकावर वसलेल्या या शहराखाली ‘लिवास’ नावाचे खोदीव जलमार्ग आहेत आणि त्या मार्गांवर जमिनीखाली पायऱ्या उतरून जायची ‘कास्तेल’ नावाची सार्वजनिक ठिकाणे आहेत. तिथे पाण्याचा हौद असे, कपडे धुण्याची सोय असे, काही ठिकाणी नमाजाची जागाही असे. पिशिरिजी कास्तेल हे त्यांतले तेराव्या शतकातले. आपल्याकडच्या बारवा आणि औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रचनेचे महत्त्व निराळे सांगायला नको. मूळ लेखात याविषयी मी फारच थोडे लिहिले, ही उणीव मात्र खरी.

आपण ‘आयते चाखणे’ हा शब्द वापरलात, तेव्हा मला सर्वांत आधी आठवला तो एका घासाचा प्रसंग, जो चाखायला मिळालाच नाही. एप्रिल १९२० ते फेब्रुवारी १९२१ या काळात फ्रेंच सैन्याने या शहराला वेढा घातला होता. धान्य संपल्यावर लोकांनी कडू जर्दाळूच्या बिया दळून त्यांची भाकरी केली, आणि त्या बियांतील विषारी अंशामुळे कित्येक जण आजारी पडले, काही दगावले, अशी आठवण शहरात अजून सांगितली जाते. अखेर उपासमारीनेच शहर शरण गेले. अंकारातील राष्ट्रीय सभेने ‘आन्तेप’ला ‘गाझी’, म्हणजे लढवय्या वीर, हा किताब दिला तोही त्याच फेब्रुवारीत. बाईंनी ही हकिकत सांगितली ती एका भटारखान्यासमोर, गरम रोट्या हातात देण्याआधी. युनेस्कोने २०१५ मध्ये या शहराला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, हे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. पण ज्यांच्या पणजोबांनी बियांची भाकरी खाल्ली, ते अन्नाविषयी इतक्या गांभीर्याने का बोलतात, हे मला तिथे कळले.

आता बाकलाव्याचे पाच परिच्छेद. ते मी कमी करणार नाही. आन्तेपच्या बाकलाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. तुर्कस्तानातील कोणत्याही पदार्थाला मिळालेले ते पहिले. त्यासाठीचा पिस्ता पूर्ण पिकू न देता, हिरवा आणि तेलाने भरलेला असतानाच उन्हाळ्याच्या अखेरीस उतरवतात. पिठाची पारी ‘ओक्लावा’ या बारीक लांब लाटण्याने, स्टार्चची पूड भुरभुरवत, पलीकडचे दिसेल इतकी पातळ लाटतात आणि अशा कित्येक पाऱ्यांचे थर लावून वर कढवलेले तूप ओततात. हे सारे वर्णन केवळ रुचीसाठी नव्हते. या गोड पदार्थाने ख्याती मिळवलेल्या एका जुन्या घराण्याची परंपराच सांगते, की त्यांच्या पूर्वजाने १९ व्या शतकात हजला जाताना वाटेत अलेप्पो आणि दमास्कसमध्ये बाकलावा पाहिला आणि परतल्यावर तो आन्तेपमध्ये करायला घेतला. ऑटोमन काळाच्या शेवटच्या शतकात आन्तेप अलेप्पो प्रांतातच मोडत असे आणि अलेप्पो येथून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. दोन शहरांच्या मधून राष्ट्रांची सीमा गेली ती पहिल्या महायुद्धानंतर. २०११ नंतर सीरियातून लाखो माणसे या प्रांतात आली तेव्हा ती ज्या ताटावर बसली, ते त्यांना अगदीच परके नव्हते. हा इतिहास कुठल्याही पाटीवर लिहिलेला मला दिसला नाही. तो मिठाईवाल्याच्या बोलण्यातून कळला.

झ्यूग्माच्या संग्रहालयाविषयी थोडक्यात. फरात (युफ्रेटिस) नदीवरच्या बिरेजिक धरणाचे पाणी २००० मध्ये चढू लागले, तेव्हा त्या प्राचीन शहराच्या बुडणाऱ्या भागातून तिथली कुट्टिमचित्रे, म्हणजे रंगीत खड्यांची जमिनीवरची चित्रे (मोझेक), घाईने वाचवण्यात आली आणि २०११ पासून ती या संग्रहालयात आहेत. ‘जिप्सी मुलगी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्राचे चोरीस गेलेले बारा तुकडे अमेरिकेतल्या ओहायोतील एका विद्यापीठाकडून २०१८ मध्ये परत आले. त्यांची स्वतंत्र दखल मी घ्यायला हवी होती, हे कबूल. तरीही एक गोष्ट नोंदवते: यांतली अनेक चित्रे रोमन काळातील श्रीमंतांच्या भोजनगृहांच्या जमिनीवरची आहेत. पाहुण्यांनी पडल्या पडल्या जेवताना पाहावीत, म्हणून ती घातलेली होती.

आता आपल्या खऱ्या आक्षेपाकडे येते. बे महल्ला या जुन्या वस्तीतल्या ज्या दगडी घरांविषयी मी भरभरून लिहिले, त्यांच्या फरसबंद अंगणाला तिथे ‘हायात’ म्हणतात. तुर्कीत याच उच्चाराच्या शब्दाचा दुसरा अर्थ आयुष्य; आपला ‘हयात’ तोच. मी त्या शब्दाच्या सौंदर्यावर लिहिले आणि त्या अंगणांतले आयुष्य कोणाचे होते, हे विचारले नाही. या वस्तीत मोठ्या संख्येने अर्मेनियन कुटुंबे राहत होती. १९१५ मध्ये त्यांना शहरातून हद्दपार करून सीरियाच्या दिशेने हाकलण्यात आले आणि त्यांतले असंख्य लोक मारले गेले किंवा वाटेत मेले. युद्धानंतर काही जण परतले, पण फ्रेंच सैन्य निघून गेल्यावर त्यांनाही जावे लागले. त्यांची घरे, दुकाने, मळे इतरांच्या हाती गेले. १८९२-९३ मध्ये उभे राहिलेले त्यांचे मोठे चर्च पुढे तुरुंग झाले आणि १९८० च्या दशकात मशीद झाली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्याच वास्तूचा घुमट कोसळला. मी मूळ लेखात तिचा उल्लेख ‘भूकंपात पडलेली जुनी मशीद’ एवढाच केला. आमच्या वाटाड्या बाई त्या घरांपाशी बांधकामाच्या दगडांविषयी बोलल्या आणि मालकांविषयी बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत, याचा अंदाज बांधण्याचा मला अधिकार नाही. पण मी प्रश्न विचारू शकत होते आणि घरी परतल्यावर वाचूही शकत होते. ताटातून शहर कळते असे म्हणणाऱ्या व्यक्तीने त्या ताटावरून उठवले गेलेल्यांना विसरावे, हे मला फार लागले. अलेप्पो, बैरूत आणि पुढे अमेरिकेपर्यंत विखुरलेल्या त्या कुटुंबांनी आन्तेपचे पदार्थ आपल्याबरोबर नेले, आणि त्यामुळे तो स्वयंपाक आज केवळ आन्तेपचा राहिलेला नाही.

मूळ लेखात बे महल्ल्यावरचा भाग मी नव्याने लिहिला आहे आणि त्यात आपल्या प्रतिक्रियेमुळे ही दुरुस्ती केल्याचे नमूद केले आहे. अंगणातल्या कारंज्याच्या छायाचित्राखाली ‘जुने तुर्की घर’ अशी ओळ होती. तिथे आता ‘बे महल्ला, १९१५ पूर्वीच्या अर्मेनियन वस्तीतील घर’ असे लिहिले आहे. त्या घराच्या मूळ मालकांचे नाव शोधून काढण्याच्या प्रयत्नात मी आहे, आणि ते मिळाले, तर तेही तिथे लिहीन.